एकाच कढईतलं खातो, तरी एकाचं बी१२ तळाला आणि दुसऱ्याचं भरपूर. जनुकांचा खेळ का?

कोथिंबीरवडी | सोमवार, रात्री ९:४८

मंडळी, आरोग्य विभागातले जुने धागे चाळले, नेमकं उत्तर मिळालं नाही म्हणून नवा काढते आहे.

आमच्याकडे चार माणसं, स्वयंपाक एक. पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. गेल्या महिन्यात सगळ्यांची रक्त तपासणी झाली. नवऱ्याचं (४१) बी१२ आलं १४२. माझं २३०, दिराचं २६०. आणि सासूबाईंचं (७४) ६१०! ड जीवनसत्त्व चौघांचंही रसातळाला आहे, पण पुण्यात त्याचं कोणाला काही वाटत नाही.

गंमत अशी की नवरा सकाळी पेलाभर दूध पितो, रात्री दहीभात ठरलेला. सासूबाईंच्या पोटात दूध जातं ते चहातून. मग हे उलटं कसं?

नवऱ्याच्या ऑफिसात एक जनुक तपासणीवाले आले होते. नळीत थुंकायचं, काही आठवड्यांनी रंगीत अहवाल येतो. कुठलं जीवनसत्त्व तुमचं शरीर नीट घेत नाही ते त्यात कळतं म्हणे. नमुन्याचा अहवाल मी पाहिला. 'बी१२: कमतरतेकडे कल', 'अ: रूपांतर कमी', 'फोलेट: विशेष लक्ष द्या', प्रत्येकासमोर लाल-हिरवे गोल. सवलतीत सात हजार.

तर दोन प्रश्न. शोषणात खरंच असा जन्मजात फरक असतो का? आणि असेल तर ही तपासणी करून काय हाती लागतं?

नाना_कोथरूडकर | सोमवार, रात्री १०:०५

सात हजार रुपये देऊन थुंकायचं? आमच्या पेठेत फुकट थुंकतात. (हलके घ्या.)

भोचक_भवानी | सोमवार, रात्री १०:११

नाना :)
कोथिंबीरवडी, सासूबाई दुपारी नक्की कुठे जातात याची चौकशी केलीत का? भिशीत आम्लेट असतं हो हल्ली.

डॉ_साळुंखी | सोमवार, रात्री १०:५२

दवाखाना आत्ता बंद केला, म्हणून थोडक्यात. जनुकांपर्यंत जाण्याआधी यजमानांबद्दल चार गोष्टी सांगा. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे का? ॲसिडिटीची गोळी रोज घेतात का, आणि किती वर्षं? थायरॉइड, कोड असं घरात कोणाला आहे का? तोंड येणं, हातापायाला मुंग्या?

आणि सासूबाईंच्या औषधांची यादीही द्या. सगळी. 'ती काय, साधी ताकदीची गोळी' म्हणून वगळू नका.

गुळपोळी | मंगळवार, सकाळी ७:२०

आमच्याकडेही हेच. मी आणि बहीण, एका आईच्या हातचं खाऊन वाढलो, तिचं कायम कमी. वाचतेय.

रेणुसूत्र | मंगळवार, सकाळी ११:३४

जन्मजात फरक असतो. पण तो कुठे बसतो हे समजायला बी१२चा पोटातला प्रवास बघायला हवा. हा सगळ्यात लांबचा आणि कटकटीचा प्रवास आहे.

अन्नातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल ते सोडवतं. सुटलेल्या बी१२ला लाळेतून आलेलं एक प्रथिन धरतं, त्याचं नाव हॅप्टोकॉरिन. पुढे लहान आतड्यात ते प्रथिन पचतं आणि बी१२ दुसऱ्याच्या हाती जातं. हा दुसरा म्हणजे इन्ट्रिन्सिक फॅक्टर, तो जठराच्याच पेशी बनवतात. ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत जाते. तिथे तिला आत ओढून घेणारा ग्राहक असतो, तो क्युबिलिन आणि ॲम्नियनलेस या दोन प्रथिनांचा मिळून बनतो. रक्तात आल्यावर ट्रान्सकोबालामिन त्याला पेशींपर्यंत नेतं.

यातलं प्रत्येक प्रथिन कुठल्या ना कुठल्या जनुकावरून बनतं. एखादं जनुक पार बिघडलेलं असेल तर तान्हेपणी किंवा लहानपणीच गंभीर आजार दिसतो. उदाहरणार्थ इमरस्लुंड-ग्रेसबेक सिंड्रोम. १९६० मध्ये नॉर्वे आणि फिनलंडमध्ये त्याची वर्णनं झाली. क्युबिलिन किंवा ॲम्नियनलेसमध्ये दोष, त्यामुळे कितीही खाल्लं तरी बी१२ आत जात नाही. उपाय म्हणजे जन्मभर इंजेक्शनं, आणि मुलं छान राहतात. पण हे फार दुर्मिळ. ४१ वर्षांच्या धडधाकट माणसाला पहिल्यांदा कमतरता निघाली तर हे कारण मनातसुद्धा येणार नाही.

आपल्यासारख्यांत असतात ते बारीक फरक. त्यांच्याबद्दल संध्याकाळी लिहितो.

अलिप्त_अभ्यासू | मंगळवार, दुपारी १:१५

रेणुसूत्र, सुरेख. थोडी भर घालतो. इन्ट्रिन्सिक फॅक्टरची कल्पना विल्यम कॅसल यांना सुचली ती १९२०च्या दशकाच्या अखेरीस, बॉस्टनमध्ये. त्यापूर्वी मिनट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं की पर्निशस ॲनिमियाचे (बी१२ न शोषल्याने होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचे) रोगी भरपूर यकृत खाऊन बरे होतात. कॅसल यांना प्रश्न पडला, निरोगी माणसाला असं यकृत का खावं लागत नाही? मग त्यांनी स्वतः कच्चट मांस खाल्लं, तासाभराने ते ओकून काढलं आणि नळीतून रोग्यांना दिलं. रोग्यांचं रक्त सुधारलं. नुसतं मांस दिल्यावर सुधारत नव्हतं. म्हणजे निरोगी जठरात असं काहीतरी होतं जे रोग्यांच्या जठरात नव्हतं.

भोचक_भवानी | मंगळवार, दुपारी १:२२

जेवताना वाचलं. तुमचा शतशः आभारी असलेला माझा डबा परत बंद झाला.

नाना_कोथरूडकर | मंगळवार, दुपारी १:४०

आणि रोग्यांना सांगितलं होतं का, नळीतून काय येतंय ते?

अलिप्त_अभ्यासू | मंगळवार, दुपारी १:५८

नाना, तेव्हाचे संमतीचे नियम आजच्यासारखे नव्हते, एवढंच म्हणतो.

रेणुसूत्र | मंगळवार, रात्री ८:४७

आता बारीक फरक.

बी१२च्या बाबतीत सगळ्यात गाजलेलं जनुक एफयूटी२. याचा मूळ संबंध रक्तगटाशी. काही माणसांच्या लाळेत आणि पाचक रसांत रक्तगटाचे अंश उतरतात, काहींच्या उतरत नाहीत, आणि ते हे जनुक ठरवतं. ज्यांच्या उतरत नाहीत त्यांच्या रक्तात बी१२चा आकडा सरासरीने जास्त असतो, हे २००८ मध्ये पुढे आलं. अशा लोकांना नोरोव्हायरसच्या जुलाबांचा त्रासही कमी होतो, पण तो वेगळा विषय.

भारतीयांवरचं कामही आहे, आणि त्यात पुणं आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटांनी २०१७ मध्ये भारतीयांचा संपूर्ण जनुकसंच चाळला. एफयूटी२ तर दिसलंच, शिवाय एफयूटी६ या त्याच कुटुंबातल्या जनुकात असे बदल सापडले जे आपल्याकडच्या लोकांत महत्त्वाचे ठरतात. युरोपीय लोकांवर बेतलेल्या अहवालात ते धरलेले असतीलच असं नाही. कोथिंबीरवडींनी तपासणीवाल्यांना हा प्रश्न जरूर विचारावा.

आता खरी मेख. २०१७ मध्येच आयर्लंडच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आला. रक्तातलं बहुतेक बी१२ हॅप्टोकॉरिनला चिकटून फिरत असतं, आणि ते बहुतेक पेशींना वापरता येत नाही. वापरायचं ते ट्रान्सकोबालामिनवरचं, साधारण पाव हिस्सा. एफयूटी२च्या फरकाने वाढला तो हॅप्टोकॉरिनवरचा साठा. ट्रान्सकोबालामिनवरच्या बी१२मध्ये फरक नाही! म्हणजे एसटी स्टँडवर किती गाड्या उभ्या आहेत ते मोजलं, त्यातल्या तुमच्या गावाला किती जाणार ते मोजलंच नाही. अहवालात 'कमतरतेकडे कल' असा लाल गोल येतो तो बहुतांशी उभ्या गाड्यांच्या आकड्यावरून.

खटपट्या | मंगळवार, रात्री ९:०३

वाचनखूण साठवली. या एका प्रतिसादासाठी धागा वसूल.

ताकपिठं | मंगळवार, रात्री ९:३०

म्हणजे बी१२ कमी आलं तरी घाबरायचं नाही असं का?

डॉ_साळुंखी | मंगळवार, रात्री ११:०८

तसा अर्थ काढू नका. १४२ हा आकडा जनुकाच्या खोडीने आला असेल म्हणून सोडून द्यायचा नसतो. शंका वाटली तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल बघतात, पेशींना खरंच कमी पडतंय का ते त्यावरून कळतं. आमच्या गावाकडे त्याची सोय नाही, खर्चही आहे. मी सरळ गोळ्या देतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघतो.

एक हिशोब सांगतो, रोग्यांना हा पटकन पटतो. इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या वाटेने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातात, पुढे ती वाट भरते. गरज असते दिवसाला दोन-सव्वादोनची. पण फार मोठा डोस दिला तर त्यातला साधारण एक टक्का त्या वाटेशिवाय, नुसता झिरपून आत जातो. १५०० मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे पंधरा मायक्रोग्रॅम. वाट जन्मतः अरुंद असो की म्हातारपणी झालेली असो, गोळी पोचते. म्हणून जनुक कळलं काय आणि न कळलं काय, माझी चिठ्ठी तीच राहते.

एडमंटनकर | बुधवार, पहाटे ५:१२

इकडे संध्याकाळ झालीय म्हणून लिहितो. ड जीवनसत्त्वाबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या मंडळात दर हिवाळ्यात हीच चर्चा. इथे ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका तिरपा असतो की कातडीत ड तयारच होत नाही, हे इथेच कॅनडात, एडमंटनमध्ये मोजलेलं आहे. बॉस्टनला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात आपला रंग. मी रोज १००० युनिट घेतो, बायकोही तेवढंच घेते. तिचं ठीक, माझं काठावर. हे जनुकांचं म्हणावं का?

रेणुसूत्र | बुधवार, सकाळी १०:२५

काही अंशी. ड जीवनसत्त्वाची मोठी चाळणी २०१० मध्ये झाली तेव्हा चार ठिकाणं ठळक दिसली. कातडीतला कच्चा माल ठरवणारं, यकृतातली पहिली प्रक्रिया करणारं, वापरून झालेलं ड मोडणारं, आणि रक्तात ते वाहून नेणारं. पुढे २०२० मध्ये चार लाखांहून अधिक युरोपीय लोकांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा अशा १४३ जागा निघाल्या. एवढ्या सगळ्या सामान्य फरकांनी मिळून माणसामाणसांतल्या तफावतीचा भाग किती समजतो? साधारण तेरा टक्के. बाकीचं ऊन, कपडे, वजन, वय, गोळी.

तुमचं वजन पत्नीपेक्षा जास्त आहे का? ड चरबीत विरघळतं. जाड माणसाला तोच डोस कमी पडतो.

एडमंटनकर | बुधवार, रात्री ७:५०

हा प्रश्न सार्वजनिक धाग्यावर विचारायची गरज नव्हती :) हो.

खटपट्या | बुधवार, रात्री ८:१५

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी साठ हजारवाली ड ची पुडी आठवड्याला एक याऐवजी रोज एक घेतली. दोन महिने. शेवटी उलट्या, बद्धकोष्ठ, बडबड सुरू झाली तेव्हा कळलं कॅल्शियम आभाळाला भिडलंय. सलाइनवर ठेवावं लागलं.

डॉ_साळुंखी | बुधवार, रात्री १०:४०

हे फार बघतो. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या असं मी सगळ्या तरुण डॉक्टरांना सांगतो. पुडी गोड लागते, दुधात घालतात, मुलांनाही देतात.

रेणुसूत्र | गुरुवार, सकाळी ९:५५

यावरून एक खरी गोष्ट, आणि इथे जनुकं खरोखर महत्त्वाची ठरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मुडदूस घालवायला बाळांच्या दुधात आणि खाण्यात ड भरपूर मिसळत. १९५०च्या दशकात काही बाळांचं कॅल्शियम धोकादायक वाढलं. ती वाढेनाशी झाली, ओकू लागली. मिसळण्याचं प्रमाण मग घटवलं. पण प्रश्न उरला की लाखो बाळं तेच पीत होती, मग बाधा मोजक्यांनाच का? उत्तर २०११ मध्ये आलं. अशा आजाराच्या मुलांत सीवायपी२४ए१ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या सापडल्या. हे जनुक जास्तीचं ड मोडून टाकतं. ज्यांच्यात ते चालत नाही त्यांना नेहमीचा डोसही विषासारखा.

म्हणजे खटपट्यांच्या काकांना दोन महिन्यांनी जे झालं, ते अशा एखाद्याला साध्या नेमून दिलेल्या डोसनेही होऊ शकतं. घरात अनेकांना मूतखडे आणि वाढलेलं कॅल्शियम असेल तर ड घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

मिरजेची_तार | गुरुवार, दुपारी ३:३०

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. जनुक कळून काय फरक पडतो असं वर डॉक्टरांनी लिहिलं. आमच्या घरात सगळाच फरक पडला.

माझी भाची तीन महिन्यांची असताना झटके यायला लागले. केस विरळ, अंगावर चट्टे, अंग ढिलं. झटक्यांची औषधं एकावर एक वाढवत गेले. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी केसांकडे बघून रक्त बाहेर पाठवलं. बायोटिनिडेस नावाचं एन्झाइम जवळजवळ नव्हतंच. बायोटिन म्हणजे बी गटातलंच एक जीवनसत्त्व. शरीर ते पुन्हा पुन्हा वापरतं, आणि भाचीचं शरीर तेच करू शकत नव्हतं. रोज बायोटिनची एक गोळी चुरून द्यायला सांगितली. थोड्याच दिवसांत झटके थांबले. केस आले, आता दोन वेण्या घालते. कानाला मात्र आधीच बाधा झाली होती, यंत्र लावावं लागतं. जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ही तपासणी होते म्हणे, आमच्याकडे कोणी सुचवलीच नाही.

वहिनी दादाच्या मामाची मुलगी. आमच्या भागात अशी लग्नं सर्रास होतात, कोणी वावगं मानत नाही. दोघांकडेही बिघडलेली एकेक प्रत होती, दोघेही ठणठणीत. दुसऱ्या वेळेला पोटात असतानाच तपासायचं का हे डॉक्टरांनी विचारलं. दोघांनी ठरवलं की नको, जन्मल्यावर लगेच रक्त बघू. मुलगा झाला, त्याला काही नाही.

गुळपोळी | गुरुवार, दुपारी ३:५२

मिरजेची_तार, भाचीला खूप आशीर्वाद. दोन वेण्या वाचून बरं वाटलं.

डॉ_साळुंखी | गुरुवार, रात्री ११:१५

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत. माझं वरचं वाक्य ऑफिसातल्या थुंकीच्या नळीबद्दल होतं. जवळच्या नात्यात लग्न आणि बाळाला झटके, असं असेल तर चयापचयाच्या तपासण्या पहिल्या दिवशी पाठवायच्या. बायोटिनिडेसचं निदान साध्या रक्तातल्या एन्झाइमवरून होतं, त्याला रंगीत अहवाल लागत नाही. आणि तो थुंकीवाला अहवाल असले दुर्मिळ दोष बहुधा बघतच नाही.

भोचक_भवानी | शुक्रवार, सकाळी ८:४०

बायोटिनवरून आठवलं. केसांसाठी मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्या बायांनो, रक्त द्यायच्या आधी त्या बंद करा. माझ्या जावेचा थायरॉइडचा अहवाल असा आला की डॉक्टर चक्रावले. गोळी थांबवून पुन्हा केला, सगळं ठीक. काही तपासण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, म्हणून आकडे फसतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनेही (एफडीए) २०१७ मध्ये याचा इशारा दिला होता.

मैत्रेयी_ठाणे | शुक्रवार, सकाळी ११:०५

फोलेटबद्दल, म्हणजे बी९बद्दल, कोणी लिहिलं नाही. माझे दोन गर्भ राहिले नाहीत, तेव्हा एमटीएचएफआर जनुकाची तपासणी झाली. 'दोष' निघाला. साधं फोलिक आम्ल तुझं शरीर घेऊच शकत नाही म्हणून महागडं मिथाइलफोलेट सुरू केलं. तिसऱ्या वेळी सगळं सुरळीत. म्हणून या तपासण्या फालतू असं सरसकट म्हणू नका.

रेणुसूत्र | शुक्रवार, दुपारी १२:४८

मैत्रेयी, बाळाबद्दल मनापासून आनंद. तुमचा अनुभव खोडायचा नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिणं भाग आहे.

एमटीएचएफआरचा ६७७ क्रमांकाचा बदल जगभर प्रचंड प्रमाणात आढळतो, त्याला दोष म्हणणंच जड जातं. दोन्ही प्रतींत तो असला तर एन्झाइम जरा मंद चालतं. तेवढंच फोलिक आम्ल घेऊन रक्तातलं फोलेट साधारण १६ टक्क्यांनी कमी राहतं, एवढाच फरक. 'शरीर घेऊच शकत नाही' हे खरं नाही. बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष टाळतं हे पक्क्या चाचणीने सिद्ध झालं ते साध्या, स्वस्त फोलिक आम्लाबद्दल. १९९१ची ब्रिटिश चाचणी, आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांत धोका ७२ टक्क्यांनी घटला. गर्भपातानंतर हे जनुक नेमाने तपासू नका असं अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्येच सांगितलं.

मैत्रेयी_ठाणे | शुक्रवार, दुपारी १:३०

आकडे वाचले. तरी त्या वेळी मी कोणाचं ऐकलं असतं ते सांगते. जो उपाय देतो त्याचंच. 'कारण सापडत नाही' हे ऐकून घरी परतणं किती जड असतं ते सोसलेल्यालाच कळतं.

अलिप्त_अभ्यासू | शुक्रवार, दुपारी २:१०

फोलेट निघालंच आहे तर मुंबईचा उल्लेख व्हायलाच हवा. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत असे, तांबड्या पेशी अवाढव्य, आणि त्यात मृत्यू होत. विल्स यांचं काम हाफकिन संस्थेत चाललं. आहाराच्या नोंदी, माकडांवर प्रयोग, आणि शेवटी बिअरच्या यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या काळ्या खारट लगद्याने हा आजार बरा झाला. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्या अज्ञात घटकाला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. तोच पुढे फोलेट निघाला, आणि १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला.

त्या बायकांत कोणाचं जनुक कसं होतं कोण जाणे. त्यांना खायला पुरेसं नव्हतं, हे मात्र विल्स यांच्या वहीत होतं.

नाना_कोथरूडकर | शुक्रवार, दुपारी ४:२०

मार्माइट आमच्या लेकीने लंडनहून आणलं होतं. चाखल्यावर वाटलं, रोग परवडला.

गुळपोळी | शुक्रवार, रात्री ९:१०

त्या नमुन्यातल्या 'अ: रूपांतर कमी'चं काय? गाजर खाऊन उपयोग नाही असं?

रेणुसूत्र | शनिवार, सकाळी १०:००

हे त्यातल्या त्यात खरं आहे. गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला यांत अ जीवनसत्त्व नसतं, बीटा कॅरोटिन असतं, आणि आतड्यात बीसीओ१ नावाचं एन्झाइम त्याचे दोन तुकडे करून अ बनवतं. त्यातले दोन बदल बरेच आढळतात. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या स्त्री स्वयंसेवकांवर मोजलं तेव्हा एका बदलाने रूपांतर ३२ टक्क्यांनी घटलेलं निघालं आणि दोन्ही बदल असतील तर ६९ टक्क्यांनी. पण ते मोठा डोस एकदम देऊन मोजलेलं. तूप-दूध पोटात जाणाऱ्या घरात तयार अ मिळतच असतं. गाजर शिजवून, तुपाबरोबर खाल्लं तर कॅरोटिन जास्त शोषलं जातं.

भोचक_भवानी | शनिवार, सकाळी १०:०४

म्हणजे गाजर हलवा हे औषध. एवढंच वाचलं, पुढचं वाचायची गरज नाही.

कोथिंबीरवडी | शनिवार, दुपारी १२:३५

सगळ्यांचे आभार, सगळं वाचते आहे. डॉ. साळुंखी, तुमची यादी घेऊन सकाळी बसले. तर ऐका.

नवरा पँटोप्रॅझोल ही ॲसिडिटीची गोळी घेतो. कधीपासून विचारलं तर म्हणाला 'जुन्या कंपनीत होतो तेव्हापासून'. म्हणजे निदान सहा वर्षं. कोणी दिली होती ते आठवत नाही. केमिस्टकडून पट्टी आणायची आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची.

सासूबाईंची डबी उघडली. त्यात बीपीची गोळी, कॅल्शियम आणि एक लालसर कॅप्सूल. 'ही कशाची?' तर म्हणाल्या, 'पायाला मुंग्या येतात ना, त्याची. गेल्या दिवाळीपासून.' पट्टी उलटी करून वाचली. मेकोबालामिन, म्हणजे बी१२च, १५०० मायक्रोग्रॅम.

मी जनुकांवर धागा काढला आणि ६१० त्या डबीत होते. दीर हसून हसून लोळला.

नाना_कोथरूडकर | शनिवार, दुपारी १२:४०

सात हजार वाचले. त्यातले अर्धे नानांना पाठवा.

डॉ_साळुंखी | शनिवार, दुपारी २:३०

मला दोन्हींचा वास आला होता. आम्ल दाबलं की अन्नातलं बी१२ सुटत नाही. पेलाभर दूध पिऊनही त्यातलं थोडंच हाती लागतं. गोळीतलं मात्र सुटंच असतं, त्याला आम्ल लागत नाही, म्हणून यजमानांना गोळीचा फायदा होईल. पँटोप्रॅझोल एकदम बंद करू नका, उलटून जळजळ वाढते. आधी कशासाठी चालू आहे ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मग हळूहळू. आणि इतकी वर्षं ॲसिडिटी असेल तर एकदा नीट तपासून घ्या.

तुमचं २३० आणि दिराचं २६० हेही फार कौतुकाचे आकडे नाहीत बरं का.

रेणुसूत्र | शनिवार, दुपारी ३:१५

त्याला पुण्याचीच साक्ष आहे. याज्ञिकांच्या गटाने २००६ मध्ये पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं बी१२ छापलं. ६७ टक्क्यांचं कमी. झोपडपट्टी, खेडं आणि शहरी मध्यमवर्ग अशी तुलना होती, आणि सगळ्यात वाईट अवस्था मध्यमवर्गाची, ८१ टक्के. जनुकं तिन्हीकडे थोडीफार सारखीच. खिसा भरलेला, ताट शाकाहारी.

अलिप्त_अभ्यासू | शनिवार, दुपारी ३:४०

'ताट शाकाहारी' एवढ्यावर थांबता येणार नाही. उत्तरेतले शाकाहारी पेल्यांनी दूध पितात. आपण चहात चमचाभर घालतो आणि स्वतःला दूध पिणारे म्हणवतो.

नाना_कोथरूडकर | शनिवार, दुपारी ३:४४

चहाला नावं ठेवू नका, धागा भरकटेल.

ताकपिठं | शनिवार, रात्री ८:२०

भरकटलाच आहे तर माझंही विचारून घेते. बाबांची हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू, ॲसेनोकुमारॉल. के जीवनसत्त्व नको म्हणून आईने अळू, मेथी, पालक सगळं बंद केलं. शेजारच्या काकांना तीच गोळी, ते सगळं खातात आणि त्यांना डोसही दुप्पट लागतो. हा जनुकांचा फरक का?

रेणुसूत्र | रविवार, सकाळी ९:३०

इथे जनुकांचा वाटा खरोखर मोठा आहे. के जीवनसत्त्व वापरून झालं की ते पुन्हा कामाला लावणारं एन्झाइम व्हीकेओआरसी१ या जनुकावरून बनतं, आणि ही गोळी नेमकं तेच अडवते. ज्यांच्यात ते मुळात कमी बनतं त्यांना कमी डोस पुरतो. वॉरफरिनच्या वर्गातल्या गोळ्या यकृतात मोडणारं सीवायपी२सी९ हे दुसरं जनुक. त्यामुळे काकांचा आणि बाबांचा डोस वेगळा असणं अगदी स्वाभाविक आहे. तरीही आधी जनुक तपासून डोस ठरवण्याच्या मोठ्या चाचण्या २०१३ मध्ये छापल्या गेल्या तेव्हा निकाल संमिश्र आले. कारण रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआर ही स्वस्त तपासणी डोस बरोबर जागेवर आणतेच.

डॉ_साळुंखी | रविवार, सकाळी ११:५०

आईंना सांगा, पालेभाजी पूर्ण बंद करायची नाही. दर आठवड्याला साधारण सारखी ठेवायची. महिनाभर काहीच नाही आणि श्रावणात एकदम आठवडाभर अळू, असं झालं की आयएनआर हलतो. जो काही बदल कराल तो डॉक्टरांना सांगून, आणि त्यानंतर आयएनआर लवकर बघा.

ताकपिठं | रविवार, रात्री ९:०५

सांगितलं. पुढचा आयएनआर गुरुवारी आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारणार. बाबांनी मात्र परस्पर ठराव केलाय, दर बुधवारी अळूवडी.

डॉ_साळुंखी | रविवार, रात्री १०:३२

किती वड्या तेही त्यांच्याकडून लिहून घ्या.